भित्र्या दमयंतीचं वाचन

दमयंती सावे लग्न होऊन बोईसरजवळच्या सरावली गावात आली तेव्हा अंधार पडल्यावर एकटी मागच्या पडवीतही जायची नाही. नवऱ्याला, एकनाथला, वेड होतं नेमकं भुताच्या कादंबऱ्यांचं. बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात तो ऑपरेटर होता. कंपनीच्या बसमध्ये बाकीचे पेंगायचे आणि हा अनंत हरचेकरांची कादंबरी उघडून बसायचा. घरी आणलेली पुस्तकं दमयंती कपाटात पालथी ठेवायची, मुखपृष्ठ दिसायला नको म्हणून.

मग एकनाथच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उपचार झाले, पण उशीर झाला होता. नोकरी सुटली आणि वर्षभरात नजरही गेली. त्याची चिडचिड नव्हती, तो गप्प झाला. दमयंतीला तेच सोसेना. एके दुपारी तिने कपाटातून हरचेकरांची ‘मिठागरातली बाई’ काढली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

“तुला भीती वाटंल गो,” एकनाथ म्हणाला.

“वाटू दे. तुमी हाय ना इथं.”

पहिल्या प्रकरणाला तिचा आवाज इतका कापत होता की एकनाथला हसू आलं. किती महिन्यांनी तो हसला होता! पण तो कापरा आवाजच त्या गोष्टीला शोभत होता. पुढे तिला वाचनाची गोडी लागली. म्हातारीचं बोलणं म्हातारीसारखं, मिठागराच्या मुकादमाचं घोगरं, असं ती आपसूक वाचू लागली. एकनाथच्या कारखान्यातला सुजीत एकदा भेटायला आला आणि प्रकरण संपेपर्यंत उठला नाही. पुढच्या रविवारी तो बायकोला, दीपाला, घेऊन आला. हळूहळू आळीतली माणसंही यायला लागली. बाहेरच्या खोलीत जागा पुरेना.

गेल्या वर्षी त्याच कादंबरीवर वेबसिरीज आली. सगळ्यांनी ती सुजीतच्या घरी मोठ्या टीव्हीवर बघितली आणि मग जी जुंपली!

सुजीत म्हणाला, “भरतीचं पाणी काय दाखवलंय! पुस्तकात एवढं दिसत नाय.”

“पण बाईचा चेहरा पहिल्याच भागात दाखवून टाकला,” दीपा फणकारली. “पुस्तकात तो शेवटपर्यंत दिसत नाय, म्हणून तर अंगावर काटा येतो.”

एकनाथने सगळी सिरीज कानांनी बघितली होती. “आधी ते म्युझिक वाजवतात, मग भूत येतं. मला तर प्रत्येक वेळी आधीच कळलं,” तो म्हणाला.

दमयंतीचं दुखणं वेगळंच होतं. “ती बाई कुणाला मारत नाय हो. आपल्याला कुणी नावाने हाक मारावी म्हणून ती दारोदार फिरते. सिरीजमध्ये तिला नुसती खुनी करून टाकली.”

यंदा पालघरच्या वाचक मंडळाने हरचेकरांनाच बोलावलं. सुजीतने खटपट करून दमयंतीला एक प्रकरण वाचायला लावलं. हॉल भरला होता. निम्मी तरुण मुलं फक्त सिरीज बघून आलेली. दमयंतीने माइक जवळ घेतला, पदर खोचला आणि ती बाई मुकादमाच्या दाराशी येते ते प्रकरण सुरू केलं. दोन पानांत मोबाइल खाली गेले. “मला हाक मार ना,” हे वाक्य तिने इतकं हळू उच्चारलं की मागच्या रांगेतली माणसं पुढे वाकली.

टाळ्या थांबल्यावर एक मुलगा उठला. “काकी, तरी सिरीजच जास्त भीतीदायक आहे असं मला वाटतं.”

“असंल बाबा,” दमयंती म्हणाली. “पण सिरीज बघताना मी घाबरले की डोळे मिटून घेत होते. वाचताना मिटता येत नाय. मिटले तर गोष्ट थांबते, आणि ऐकणारा तिथंच अडकून राहतो.”

हॉलमध्ये हशा पिकला, मग पुन्हा टाळ्या झाल्या. हरचेकर मात्र संकोचून म्हणाले, “सिरीजमध्ये बाईचा चेहरा पहिल्याच भागात दाखवला म्हणून बरेच वाचक नाराज आहेत, पण ती सूचना माझीच होती.”

सगळे चपापले. पहिल्या रांगेतून एकनाथचा आवाज आला, “मग सर, तिथं तुमचं चुकलं.”

सुजीतने कपाळाला हात लावला. पण हरचेकर मनापासून हसले. “आज यांचं वाचन ऐकल्यावर मलाही तसंच वाटतंय,” ते म्हणाले आणि दमयंतीकडे वळले. “बाई, पुढचं प्रकरणही वाचा. मलाच ऐकायचंय.”

तिने वाचलं. ह्या वेळी आवाज जराही कापला नाही. जिथे कापायला हवा होता तिथे तिने तो मुद्दाम कापरा केला.

परतताना बोईसर स्टेशनबाहेर दोघं रिक्षात बसले. रिक्षावाला उत्तर प्रदेशातला, नवखा. एकनाथला राहवेना. पुढे झुकून, मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, “भैया, आज हमारी मिसेस ने पूरा हॉल डरा दिया.”

“अहो, गप बसा,” दमयंती पुटपुटली.

“अच्छा? कैसे?” रिक्षावाल्याने विचारलं.

एकनाथ सरावली येईपर्यंत सांगत राहिला, आणि दमयंतीने त्याला पुन्हा गप्प बसवलं नाही.