कवळ तोडलेला किंजळ

अंकुशच्या मते स्वच्छ पान म्हणजे खोटं पान. महाप्याच्या एका स्टुडिओत तो अकरा वर्षं कॉम्प्युटरवर झाडं करत होता आणि नव्याने लागलेल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगे. पानाला कुठेतरी कीड लागलेली हवी, एखादा कोपरा करपलेला हवा. धूळ वरच्या अंगाला जास्त, खालच्या अंगाला कमी. उन्हाकडे धरलं की पानातून जो उजेड झिरपतो तो जमला नाही, तर सगळं जंगल प्लास्टिकचं दिसतं. रविवारी तो कामोठ्याहून चालत कळंबोलीला जाई आणि लोखंडाच्या गोदामांमागे वाढलेल्या करंजाची, रुईची पानं वहीत दाबून आणी. रुईचं पान आठ-पंधरा दिवसांत काळं पडे. त्याला ते काळं पडणंही बघायचं असे.

पानं बघायला तो मार्केटात शिकला. तो तीन वर्षांचा असताना बाप गेला, आणि आई, भिमाबाई, त्याला कडेवर घेऊन महाडकडच्या गावातून वाशीला आली. एपीएमसीत आधी ती कांदा निवडायला बसे, मग कोबी-फ्लॉवरची सडकी पानं काढायला. शाळा सुटली की अंकुश त्या ढिगाशेजारी पाढे पाठ करी. हिरव्याचं पिवळं कसं होतं आणि पिवळ्याचं तपकिरी कसं, हे त्याच्या डोळ्यांत तिथे बसलं. पुढे त्याने अ‍ॅनिमेशनचा कोर्स केला, बिल्डरांच्या जाहिरातींत न लावलेल्या बागा लावल्या, आणि मग हे काम मिळालं.

बापाबद्दल त्याला दोनच गोष्टी माहीत होत्या. नाव भगवान, आणि तो झाडावरून पडून गेला. फोटो एकही नव्हता. गावात फोटोवाला यायचा तो श्रीमंताघरच्या लग्नात. चाळिशी उलटल्यावर अंकुश दाढी करताना आरशात थांबू लागला. या चेहऱ्यात बापाचं काय असेल? आईला विचारलं तर ती म्हणे, "तू माज्यावर गेलास," आणि विषय तिथेच संपे.

यंदा एका ऐतिहासिक मालिकेसाठी कोकणातला डोंगर करायचा होता. पायवाटेने घोडेस्वार उतरतात, मागे झाडी. अंकुशने ऐन आणि किंजळ दाट उभे केले, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पानांनी भरलेले. स्टुडिओत फोन दारातच जमा करावा लागे, त्यामुळे चित्र घरी आणायची सोय नव्हती. संध्याकाळी त्याने कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने तो डोंगर काढला आणि आईपुढे धरला.

भिमाबाईने चष्मा वर केला, खाली केला.

"ह्यो कुनाचा डोंगर?"

"आपल्याकडचा. कोकणातला."

"मंग हितं मानसं राहत नायत काय?"

"म्हणजे?"

"आरं, येवडा पाला झाडावं ठेवलान कुनी? कवळं कोन तोडनार, तुजा साहेब?"

मग तिने सांगितलं. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पावसाआधी पाला-फांद्या पसरून जाळायच्या. त्यासाठी माघ-फाल्गुनात गडी कोयते घेऊन झाडांवर चढत आणि पाल्याच्या डहाळ्या उतरवत. तीच कवळं. त्यांचे भारे बायका डोक्यावरून शेतात नेत. वर्षानुवर्षं हे चाले, त्यामुळे डोंगरावर एकही झाड पुरं नसे. गाठी आलेला उघडा खांब, आणि झाड जगावं म्हणून शेंड्याला राखलेला मूठभर पाला.

"नुसता तुरा. कोंबड्यागत," ती म्हणाली, आणि हसली. मग जरा वेळाने म्हणाली, "ज्याची त्याची तोड वायली असते. तुजा बा वीतभर खुंट ठेवायचा. काप तिरपा, खाली उतरता. पानी साचू नये म्हनून."

अंकुशने डोंगराच्या कडेला पेन्सिलीने एक तिरपा काप काढला. चाळीस वर्षांत बापाच्या हाताने केलेली एक गोष्ट त्याला पहिल्यांदाच कळत होती.

पुढचे पंधरा दिवस तो संध्याकाळी कागदावर खुंट काढी आणि आई चुका काढी. लांब झालं, आखूड कर. गाठ अशी गुळगुळीत नसते, फुगलेली असते, सुजल्यावानी. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तो तेच झाडांत उतरवी. बारा झाडं त्याने तोडली. अकरा कशीही तोडली. बाराव्यावर, पायवाटेच्या डाव्या अंगाला उभ्या असलेल्या किंजळावर, त्याने पाच दिवस घालवले. जुना काप राखाडी, नवा पिवळसर. सालीचे ओठ जखमेवर मिटत आलेले. झाडात माणूस पाहणाऱ्यांपैकी तो नव्हता. पण कापावरून कोयता कुठल्या अंगाने आला ते निघत होतं. त्यावरून पाय कुठे रोवला असेल, डाव्या हाताने कुठली फांदी धरली असेल, तेही. चेहरा सोडून सगळं निघत होतं. आणि एवढं तरी पडद्यावर राहावं, आईला टीव्हीवर बोट ठेवून दाखवता यावं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

शॉटचा सुपरवायझर राजवर्धन त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. सांगलीचा, आणि स्वभावाने बरा. डिलिव्हरीच्या आदल्या सकाळी त्याने सगळ्यांना मोठ्या पडद्यापुढे बसवलं.

"दादा, ही झाडं आजारी आहेत का?"

"तोडलेली आहेत. शेतात जाळायला पाला काढतात."

"रिसर्च भारी आहे, मानलं. पण क्लाएंट काय म्हणाला सांगू? म्हणे, जंगल मागितलेलं, विजेचे खांब का पाठवलेत?"

मागे कुणीतरी खिदळलं. अंकुशही हसला, सगळे हसत होते म्हणून.

"कोकणात असंच असतं रे."

"असेल ना. पण बघणाऱ्याला वाटणार, यांना झाडं जमत नाहीत. पाला भरून टाका, प्लीज."

"मागची भरतो. डावीकडचं एक राहू दे."

"तेच तर खुपतंय, दादा. अगदी समोर आहे."

"एकच, राजवर्धन."

अंकुशने आजवर असं काही मागितलं नव्हतं. राजवर्धनने त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "उद्या द्यायचंय हो. मनाला लावून घेऊ नका. आणि आतले खुंट उडवा. पाल्याखाली दिसणार नाहीत, उगाच फाइल जड होते."

तो माझा बाप आहे, असं म्हणता आलं असतं. पण एसीच्या गारठ्यात, चहाचे कागदी कप धरून बसलेल्या चौदा जणांपुढे असं कोण म्हणतं? फाइल चोरून न्यायचा विचारही त्याच्या मनात आला. पकडला गेला असता तर नोकरी गेली असती, आणि तेही सोडा, घरी नेऊन ती उघडणार कशावर?

पाला भरायला एक बटण होतं. बाकीची झाडं त्याने बटणाने भरली. किंजळ मात्र हाताने भरला, डहाळी-डहाळी करत. कीड लागलेली पानं घातली, करपलेली घातली, उजेड झिरपवला. दुपारी चारपर्यंत झाड इतकं खरं झालं की सकाळी खिदळलेला पोरगा येऊन मागे उभा राहिला आणि म्हणाला, "एक नंबर, दादा." मग अंकुशने आतले खुंट एक-एक निवडले. एकतीस निघाले. उडवायला एकच कळ लागली.

घरी आला तेव्हा भिमाबाई भाकऱ्या थापत होती. त्याने हातपाय धुतले आणि ओट्याशी उभं राहून सांगितलं.

"झाकलं, आई. राहू नाही दिलं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"तू नको वाईट वाटून घेव. ती तोड तुज्या बाची नव्हतीच."

"मग?"

"तुज्या चुलत्याची. हिरामणची. त्याची झाडं घराम्होरंच व्हती, रोज दिसायची. तू येवडा विचारू लागलास, मंग मी तीच सांगितली."

ती खरं बोलत होती, की त्याचं ओझं उतरावं म्हणून बोलत होती, हे त्याला कळेना. तिच्या चेहऱ्यावर फक्त तव्याची धग होती.

"मग बाबांची कशी होती?"

भिमाबाईने पिठाचा हात परातीवर झटकला.

"बघाया कुठं गावलं? मानंवर भारा आसला का खालची वाट दिसते नुसती." तिने ताट पुढे सरकवलं. "जेव. भाकर गार व्हते."