डुकरांचा कोतवाल

आपण त्याला अल्फियसच म्हणू. निदान इथे तरी कुणी म्हणावं. गावात सगळे त्याला ‘गव्हर्नर’ म्हणत. त्या मुलखात एकदा गव्हर्नर झालेला माणूस, खुर्ची गेली तरी, मरेपर्यंत गव्हर्नरच.

अल्फियस किट्रेज हा कातडी कमावणाऱ्याचा पोर. आधी गावच्या रस्त्यांची देखरेख, मग वकिली, मग विधानसभा, आणि शेवटी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतल्या सगळ्या व्हरमाँट राज्याचा गव्हर्नर. त्या दोन वर्षांत त्याने पूल बांधले, भाषणं गाजवली, चार शत्रू केले. बायकोची, लोव्हिनाची, पत्रं तेवढी वाचायची राहून गेली. राजधानीहून गावी परत आला तेव्हा ती खोकत होती. तो हिवाळा काही तिने काढला नाही.

मग घर खायला उठलं. दुकानातल्या शेगडीभोवती गप्पांना ऊत आलेला असे. अल्फियस दारात दिसला की सगळे उठून खुर्ची देत आणि गप्प बसत. शेजारीण मेपलच्या झाडाचा गोड पाक आणून देई, पण उंबरा ओलांडत नसे. मान एवढा, की जीव गुदमरावा.

मार्चच्या ग्रामसभेत वर्षाची कामं वाटली जात. सगळ्यांत शेवटी डुकरांचा कोतवाल. सुटलेली डुकरं पकडून कोंडवाड्यात घालायची, एवढंच काम. ते दरसाल गावातल्या नव्या नवरदेवाच्या गळ्यात मारत, आणि मग वर्षभर त्याची खेचायला गाव मोकळं. त्या वर्षी अल्फियसला तेच काम हवं होतं. कुणीतरी दार बडवून ओरडावं, ‘ऊठ रे, डुकरं शिरली मक्यात!’ यासाठी तो आसुसला होता.

“डुकरांचा कोतवाल कोण?” सभाध्यक्ष पेक यांनी विचारलं.

“मी,” अल्फियस उभा राहून म्हणाला.

आधी हशा झाला, मग टाळ्या पडल्या. “मोठा माणूस असा असतो बघा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“थट्टा नाही, पेक. पायांत अजून दम आहे माझ्या.”

हसू विरलं. पेक यांनी घसा खाकरला. “अनुमोदन कोण देतंय? एक जण तरी लागेल.”

अल्फियसने ऑरिन टटलकडे पाहिलं. ऑरिन गावचा लोहार. लहानपणी दोघांनी मिळून पाद्र्याची सफरचंदं चोरली होती आणि मारही मिळूनच खाल्ला होता. ऑरिन उठला आणि हातातली टोपी फिरवत राहिला.

“साहेब, तुम्ही चिखलात डुकरामागं पळणार आन् आम्ही हसणार? माझी जीभ रेटत नाही हो.”

“हसा की. त्यासाठीच तर मागतोय.”

“नाही जमायचं, साहेब.” ऑरिन खाली बसला.

काम ल्यूमन गेज नावाच्या नव्या नवरदेवाला मिळालं. कुणी डुकरासारखं ओरडलं, कुणी त्याच्या पाठीत धपाटे घातले. अल्फियसही हसला, पण सगळ्यांपेक्षा जरा उशिरा.

सभा संपल्यावर ऑरिनने त्याला कोट चढवायला हात दिला.

“ऑरिन, माझं नाव विसरलास का रे?”

“विसरेन कसा? भट्टीशी असलो की रोज आठवतं. तुमच्यासमोर तोंडातून निघत नाही बघा.”

अल्फियसने मान हलवली आणि तो निघाला. दाराशी माणसांची दाटी होती. ती दोन्हीकडे सरली, आणि एवढ्या गर्दीतून जाताना त्याला एकाचाही खांदा लागला नाही.