जमिनीवर काही ठेवायचं नाही

शेषगिरीरावांच्या मैलापुरातल्या घराला मोटारखाना होता, मोटार नव्हती. वकील वडिलांमागे गाडी विकली गेली आणि त्या जागेत तंजावरहून आणलेल्या पेट्या, पितळी हंडे, जुने टायर, पाय मोडलेल्या खुर्च्या अशी अडगळ साचत गेली. शेषगिरीराव बंदराच्या कचेरीत कारकून. कागद जागच्या जागी ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण घरातली ही खोली त्यांनी कधी उघडून पाहिली नाही.

१९५८च्या डिसेंबरात त्यांच्या पत्नी भवानीबाई हंडा आणायला तिथे गेल्या आणि रिकाम्या हातांनी परतल्या. हंड्यामागे नाग होता.

मुलगी तुळजा रविवारी बाळंतपणासाठी येणार होती. तिची खोली मोटारखान्याला लागून होती आणि मधल्या दाराची खालची फळी कुजून गेली होती.

शेजारचे रामस्वामी काठी घेऊन आले. तंजावरी मराठ्यांना ते सरसकट रायर म्हणत.

"काय रायर, काठीनेच आटपू की गारुडी बोलावू?"

"दोन्ही नको," भवानीबाई म्हणाल्या. "पोटुशी पोर घरात येतेय. या दिवसांत नागाला इजा करत नाहीत. गारुडी त्याचे दात पाडतो."

"मग त्यालाच विचारा, केव्हा निघतोस म्हणून. रायर विचारतील! पाल दिसली तर अंगावरचा साबण तसाच ठेवून पळणारा माणूस!"

शेषगिरीराव हसले नाहीत. त्यांनी विचार केला, नाग आडोशाला राहतो. जमिनीवर काहीच ठेवलं नाही तर त्याला आडोसाच उरणार नाही. आणखी एखादा आत येऊ नये म्हणून त्यांनी बाहेरच्या बाजूने भिंतीतल्या मोरीच्या भोकात गोणपाट कोंबून टाकलं.

मूर मार्केटातून चहाच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. भिंतीलगत बांबूचे खांब उभे केले, त्यांना फळ्या काथ्याने आवळल्या. खिळे दुधाच्या रिकाम्या डब्यांत गेले, टायर छपराच्या वाशाला टांगले, खुर्च्या आडव्या बांबूवर चढल्या. दरेक वस्तूला आधी काठीने ठोकायचं, थांबायचं, मग आकड्याने ओढून घ्यायचं. हंडा उलटा केला की आत पाहण्यापूर्वी ते डोळे मिटत.

शनिवारी मोरीपुढची मोठी ट्रंक तेवढी उरली. त्यांनी काठी आपटली. मागून फूत्कार आला.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. दारात ते स्वतः उभे, मधल्या दारापलीकडे तुळजेची खोली, आणि बाहेर जायची दुसरी वाट त्यांनीच बुजवली होती.

बाहेरून आकडा घालून पाहिला. गोणपाट दगडासारखं आवळलं होतं. शेवटी त्यांनी भोकात कोपरापर्यंत हात घातला. बोटांना सुतळी लागली, आणखी काही लागतंय की काय हे कळेना. गोणपाट निघालं तेव्हा ते मातीत बसूनच राहिले. मग चुलीतली राख जमिनीभर पसरून दार लावून घेतलं.

सकाळी राखेत ट्रंकेपासून मोरीपर्यंत नागमोडी रेघ होती. त्यांनी लगेच ट्रंक उचलून फळीवर ठेवली आणि सिमेंट कालवून भोक लिंपून टाकलं.

फाटकाशी टांगा थांबला.

"अप्पा!" तुळजेची हाक आली.

"गेला ना हो?" भवानीबाईंनी दारातून विचारलं.

"गेला," म्हणत ते वळले. आता उन्हाची तिरीप आत आली होती आणि राखेत आणखी एक रेघ दिसत होती. मोरीपासून निघून ती मांडणीच्या कोपऱ्यातल्या बांबूपर्यंत गेली होती. पुढे काही नव्हतं.

जमीन लख्ख मोकळी होती. शेषगिरीरावांनी मान वर केली. डबे, पेट्या, हंडे, टायर, सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी छपरापर्यंत नीट रचलं होतं.

"भवानी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तिला टांग्यातून उतरवू नकोस. तशीच रामस्वामींकडे ने."

"अहो, पण..."

"ने म्हणतो ना."

बाहेर टांगा पुन्हा हलल्याचा आवाज आला. त्यांनी काठी उचलली आणि सर्वांत खालच्या फळीवरच्या पेटीला हळूच ठोकलं.