नाव न घातलेला कागद

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं असेल. मी तेव्हा इस्लामपूरच्या एका हायस्कुलात शिकवत होतो आणि वरच्या पदवीसाठी प्रबंध लिहीत होतो. विषय होता, सिनेमाचा कुमारवयीन मुलांवर होणारा परिणाम. बाजाराच्या माळावर तंबूतला सिनेमा आला की दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पेंगायचा. शिक्षक छड्या मारत. त्या मुलांच्या मनात काय चाललंय हे कुणी विचारत नसे. ते मी विचारणार होतो आणि याचा मला गर्व होता.

सांगलीचे एक प्राध्यापक मला मार्गदर्शन करत. त्यांच्या सल्ल्याने मी प्रश्नांचे कागद तयार केले. वर्गात वाटताना म्हणालो, “नाव घालू नका. खरं तेच लिहा. माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.” कागदाच्या डोक्यावर मात्र तीन रकाने होते: मुलगा की मुलगी, वय आणि वडिलांचा व्यवसाय. एवढी माहिती तरी हवीच, असं प्राध्यापकांचं म्हणणं होतं.

इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत, मुली तीनच. एकीचे वडील वकील, दुसरीचे कापडाचे दुकानदार. तिसरीचे वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले. रकाने आखताना हे सगळं मला ठाऊक होतं, पण डोक्यात काही आलं नाही.

त्या तिसरीने कागदाच्या दोन्ही बाजू भरून काढल्या. शाळेत जादा तास आहे असं घरी सांगून ती मावशीबरोबर सिनेमाला गेली होती. बायकांसाठी कनात लावलेली असे, तिथे बसली. पडद्यावरची मुलगी बापासमोर उभी राहून म्हणाली, मला हे लग्न नको. तिने लिहिलं होतं: ‘माझंही लग्न ठरवत आहेत. मलाही तसं म्हणायचं आहे. रोज जेवताना म्हणायचं ठरवते, पण तोंड उघडत नाही. मॅट्रिक झाल्यावर मला दवाखान्यात नर्स व्हायचं आहे.’

ते मी तीनदा वाचलं. बाकीच्यांनी ‘सिनेमा वाईट असतो’ असं शहाण्यासारखं लिहून टाकलं होतं. मला इतका आनंद झाला की मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. नाव नव्हतंच, मग बिघडलं काय, असं मला वाटलं. मुख्याध्यापकांनी हात पुढे केला, डोक्यावरचे तीन रकाने पाहिले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. “तो माझ्या कामाचा आहे,” मी म्हणालो. ते म्हणाले, “शाळा माझी आहे.”

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं; हवालदार आले होते. ताठ बसले होते. त्यांना मराठी अक्षर सावकाश लागायचं, म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“वाचा, मास्तर. काय लिवलंय पोरीनं?”

मुख्याध्यापक समोर होते. तरी मला एखादी ओळ गाळता आली असती. मावशीची गाळता आली असती, लग्नाची तर नक्कीच. मी सगळं वाचलं. अगदी नर्सपर्यंत.

हवालदार ओरडले नाहीत. टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मग म्हणाले, “मला न्हाई सांगितलं तिनं. तुमाला सांगितलं.” उठताना एवढंच म्हणाले, “लय झाली शाळा.”

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठवड्याने मी धीर करून त्यांच्या घरी गेलो. हवालदार मळ्यात होते. तिची आई दारातच म्हणाली, “आवं मास्तर, आता कशाला आलाय? भनीभनीत बोलनं न्हाई ऱ्हायलं.” मावशीला त्या घराचा उंबरा बंद झाला होता. मी पोरीशी दोन शब्द बोलू का, असं विचारलं. आईने आत पाहिलं. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आठवड्यातच तिला लुगडं नेसवलं होतं. वर न बघता म्हणाली,

“मास्तर, तुमी म्हनला हुतासा न्हवं, दुसरं कोन वाचनार न्हाई म्हनून?”

मी म्हणालो, “चुकलं माझं.” तिने मान हलवली आणि तांब्या घेऊन आत गेली.

वैशाखात तिचं लग्न झालं, तिकडे खंडाळ्याच्या बाजूला. त्यानंतर मला ती कधी दिसली नाही. प्रबंध मंजूर झाला. तिचं उत्तर मला ‘अनिष्ट परिणाम’ या मथळ्याखाली घालावं लागलं, कारण प्राध्यापकांच्या मते घरी खोटं बोलणं त्यातच बसत होतं. मी वाद घातला नाही. परीक्षकांनी नेमक्या त्याच प्रकरणाचं कौतुक केलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दुकानदाराची मुलगीही आली नाही. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वकिलांची मुलगी तेवढी इंग्रजी पाचवीत आली. मुलींच्या बाकावर ती एकटीच बसायची. हुशार होती. निबंध दिला की चार ओळी लिहायची, सगळ्या पुस्तकातल्या. “तुला स्वतःला काय वाटतं ते लिही की,” मी एकदा म्हणालो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, वही मिटली आणि म्हणाली, “काही वाटत नाही, सर.”