ओनोफ्रेचा गुडघा

रिओबाहेरच्या त्या कापड गिरणीत ओनोफ्रे सगळ्यांना ठाऊक होता तो गोल मारणारा गडी म्हणून. त्याचा बाप साचेखात्यात मागावर कापसाची धूळ गिळून खोकत खोकत गेला, आणि पोराची छातीही तशीच कच्ची. पण गिरणीचा एक रिवाज होता. जो गिरणीच्या फुटबॉल संघात खेळेल त्याला मागावरून उठवून घडीखात्यात बसवायचं. तिथं हवा मोकळी. बायको झान्दिरा रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, याचे पाय तेवढे धड ठेव म्हणून.

चार वर्षं बरी गेली. मग गुडघा कुरकुरायला लागला. साहेबाला कळलं की पुन्हा माग! म्हणून हा पठ्ठ्या घरी मिठाच्या पाण्यानं शेकून घ्यायचा आणि गिरणीत रुबाबात चालायचा.

शहरातल्या बड्या लोकांच्या क्लबाशी सामना लागला आणि गुडघ्यानं अर्ध्यातच दगा दिला. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. दुखावलेल्याला मैदानातच एका कडेला नुसतं उभं करायचे. ओनोफ्रे तिथं लंगडत राहिला. शेवटी शेवटी चेंडू त्याच्याकडेच आला, तर त्यानं दुखऱ्या पायावर तोल सावरून दुसऱ्यानं असा हाणला की गोलकीपर बघतच राहिला.

मग काय, आपलीच माणसं वेडी झाली! शेजारच्या तिबुर्सिओनं नेमका दुखरा पाय धरून त्याला खांद्यावर ओढलं. गुडघ्यात काहीतरी तुटलं. बँडच्या तालावर गिरणीच्या चाळीपर्यंत मिरवणूक निघाली, पण मेल्या ओनोफ्रेनं तोंडातून हूं काढलं नाही. हसत हात हलवत होता, कारण साहेब मागून टाळ्या वाजवत येत होता.

घरी झान्दिरानं सुजलेला पाय पाहिला.

"ओरडला का नाहीस?"

"साहेबाला कळलं असतं."

"आणि आता नाही कळणार?"

त्यानं मिठाच्या पाण्याचं भांडं पुढं ओढलं.

साहेब तसा वाईट नव्हता. महिनाभर थांबला, मग घडीखात्यातली जागा त्यानं नव्या गड्याला दिली. ओनोफ्रे काठी टेकत साचेखात्यात गेला. शेजारच्या मागावर तिबुर्सिओच. त्याला मान वर करवेना. शेवटी ओनोफ्रेच म्हणाला, "अरे, गोल तर झाला ना?"

कार्निव्हलच्या सुमारास एका सकाळी तो खोकला. झान्दिरा चुलीपाशी होती. सासऱ्याची उस्तवार तिनंच केली होती, तिला तो खोकला लगेच कळला. पाठमोरीच रडली बिचारी. मग डोळे पुसून म्हणाली, "कॉफी घे, निवतेय."