मी छाती झाकली नाही

माझ्या छातीवर पहिल्यांदा हसला तो माझा साडू. आम्हा दोघांची सासुरवाडी कळसाडी, दोघांनी सख्ख्या बहिणी केलेल्या, त्यामुळे थट्टेचा हक्क त्याला होताच. सारंगखेड्याची यात्रा भरली होती. घोड्यांचा बाजार सुरू झाला की आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागते, कारण आमचं गाव तिथून जवळ आणि आमच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी थंडीत कोमट लागतं. सकाळी पुरुष मंडळी केळीच्या बागेच्या कडेला मोटारीच्या धारेखाली अंघोळीला बसायची. मी बनियन काढून धारेखाली गेलो आणि बंडी अंगात ठेवूनच बसलेला साडू ओरडला, "भाऊ, तुले आते चोळी शिवनी पडी!"

सगळे खो-खो हसले. हसण्यासारखं होतंही. माझ्या छातीच्या दोन्ही बाजूंना बोंडांखाली चकतीसारखं फुगलं होतं, आणि नुसतं सदऱ्याचं कापड घासलं तरी हुळहुळायचं. साठी ओलांडलेला, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस मी. टॉवेल हाताशी होता. मी तो घेतला नाही.

"हासी ले," मी म्हणालो. "पन पहिले मन्हा पाय देख."

कोणी पायाकडे पाहिलं नाही. पायाची गोष्ट सांगितल्याशिवाय छातीची कळायची नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, कापूस वेचणीच्या सुमाराला, माझे पाय सुजायला लागले होते. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. चपलेत पाऊल मावेना. आडवं पडलं की दम कोंडायचा, म्हणून पाठीला उशा लावून मी बसल्या बसल्या डोळा लावायचो. गावात कोणी वात म्हणालं, कोणी किडनी म्हणालं. शेवटी बायकोनं मला गाडीत घालून शहाद्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "काका, तुमचं हृदय थकलंय. पंप पुरेसा जोर लावत नाही, म्हणून पाणी अंगात साठतंय."

पंपाची भाषा मला कळते. जन्म मोटारीच्या मागे गेला माझा.

त्यांनी गोळ्या दिल्या. त्यातली एक पाणी काढायची, पण वेगळ्या जातीची. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या पाण्याच्या गोळ्या लघवीवाटे शरीरातलं पोटॅशियम बाहेर टाकतात. ही गोळी पोटॅशियम धरून ठेवते. तुमच्या हृदयाला तिचा मोठा आधार आहे. पण पोटॅशियम जास्त साठलं तर ठोके बिघडतात, आणि बिघडेपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून मी सांगेन तेव्हा रक्त तपासायचं. बरं वाटतंय म्हणून टाळायचं नाही."

"खायचं काय नाही?"

"नारळपाणी नको. केळी मोजकीच."

"बाई, माझी केळीची बाग आहे."

"बाग ठेवा ना. घड समोर घेऊन बसू नका, एवढंच."

मला त्या बाई तिथेच आवडल्या. सकाळी न्याहारीनंतर गोळी घ्यायची, एखाद्या दिवशी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन गिळायच्या नाहीत, आणि रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, असं त्यांनी बायकोला समजावलं. पाय उतरायला लागले. दिवाळीच्या आधी मी चप्पल घालून बागेत जाऊन आलो आणि बांधावर बसून एकटाच हसलो.

पण आजारी माणसाचं अंग सगळ्या गावाचं होतं. जो भेटायला येई तो शहाळं घेऊन येई. व्याही आले, त्यांनी तर पोतंच आणलं. मी हात जोडले, "माले चालत नही." व्याही म्हणाले, घोटभर पिण्यानं काय होतं. मी म्हणालो, मला काही झालं तर तुम्ही पंप बदलून द्याल का? बायकोनं डोळे वटारले. व्याह्यांचा अपमान झाला असेल तर होऊ दे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. गुडघे धरले तेव्हा मेडिकलवाला ओळखीचा म्हणून पटकन दुखणं थांबवायची गोळी काढून द्यायला लागला. मी त्याला माझी चिठ्ठी दाखवली आणि बाईंना फोन लावायला लावला. बाई म्हणाल्या, तसली गोळी या गोळीबरोबर नको, किडनीवर ताण येतो आणि पोटॅशियम चढतं. मेडिकलवाल्यानं मान हलवून डबी परत फळीवर ठेवली. मी गुडघ्याला गरम वाळूची पोटली बांधली.

इतकं सांभाळूनही एकदा घात झालाच, आणि तो घरातल्या मायेनं झाला. माझा मुलगा सुरतेला नोकरीला आहे. बापाला अळणी खावं लागतं हे त्याला बघवेना. त्यानं दुकानातून भारी मीठ आणलं. पुड्यावर हृदयाचं चित्र, कमी सोडियमचं, तब्येतीला चांगलं. बायकोनं आनंदानं वरणात घातलं, ठेच्यात घातलं. कितीतरी दिवसांनी माझ्या जिभेला ठेचा लागला. मग पाय जड वाटायला लागले. सुजलेले नव्हते, नुसते ओली पोती बांधल्यासारखे जड. रक्त तपासायची पाळी आलीच होती, म्हणून गेलो.

दुपारी बाईंचाच फोन आला. "काका, आजपासून ती गोळी थांबवा आणि लगेच दवाखान्यात या. पोटॅशियम चढलंय. घरात काय बदललं?"

काहीच नाही, असं मी म्हणत होतो. बायको मागून म्हणाली, "मीठ."

त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियमच घातलेलं असतं, हे आम्हाला काय ठाऊक! दवाखान्यात माझ्या छातीला वायरी लावून ठोक्यांची पट्टी काढली, दिवसभर ठेवून घेतलं, औषधं दिली. पुन्हा रक्त पाहिल्यावरच गोळी परत सुरू झाली, तीही कमी ताकदीची. मुलगा फोनवर रडला. मी त्याला म्हणालो, रडू नको, तू आणलंस ते प्रेमानंच. पण यापुढे माझ्या तोंडात जाणारी प्रत्येक नवी वस्तू आधी बाईंना विचारून जाईल, मग ती मीठ असो, काढा असो की देवाचा अंगारा असो. तेवढा कडक मी झालो तो त्या दिवसापासून.

आणि मग यात्रेच्या तोंडावर ही छाती.

मोटारीखाली हसणं झालं तेवढ्यावर ते थांबलं नाही. दुपारी जेवणाच्या पंगतीत साडूनं विषय पुन्हा काढला. माझा थोरला चुलतभाऊ म्हणाला, "त्या गोळीनंच व्हयनं ते. बंद करी टाक. मर्दाले असं शोभस का?"

"आनि मर्द मरी गया तं शोभी का?" मी विचारलं.

साडूनं मान खाली घालून भाकरी कुस्करली. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, वाढायला उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. मला वाटलं, नवऱ्याच्या थट्टेची तिला लाज वाटली असावी.

मी तोंडानं ताठ होतो, पण आत मला लागलं होतं. त्या दिवशी दुपारी आरशासमोर उभं राहून मी स्वतःकडे पाहिलं. ही छाती माझी वाटत नव्हती. गोळी सोडली तर आठवड्या-दोन आठवड्यांत उतरेलही, असा विचार आला. बायको दारात होती.

"डॉक्टरबाईले सांगा," ती म्हणाली. "लाज वाटस तं मी सांगसू."

"छाती मन्ही शे," मी म्हणालो. "मीच सांगसू."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तसंच यात्रेत सोडून आम्ही शहाद्याला गेलो. दवाखान्यात गर्दी होती, आणि तपासणीच्या खोलीचं दार लोटलेलंच नव्हतं. बाईंनी विचारलं, "काय त्रास?" बाहेर बाकावर माणसं बसलेली मला दिसत होती. त्यांतले दोघे ओळखीचे. मी सदरा वर केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "बाई, छाती बायकांसारखी फुगलीय. दुखतेही. गोळी चालू आहे, सोडलेली नाही."

बाईंनी आधी उठून दार लावलं. मग दोन्ही बाजू नीट दाबून पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना हसू ना संकोच. "काही पुरुषांना या गोळीनं असं होतं," त्या म्हणाल्या. "एकाच बाजूला टणक गाठ असती तर मी वेगळी तपासणी केली असती. हे गोळीचंच आहे. सांगितलंत ते फार बरं केलंत. बरेच जण सांगत नाहीत. गुपचूप गोळी बंद करतात आणि मग दम लागून येतात."

त्यांनी त्याच कुळातली दुसरी गोळी दिली. ती छातीला सहसा असा त्रास देत नाही, पण पोटॅशियम तीही धरून ठेवते, म्हणून रक्त तपासणी, मीठ, नारळ, सगळं पहिल्यासारखंच. जुलाब-उलट्या लागल्या तर घरी बसून राहायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा, हेही त्यांनी पुन्हा बजावलं. काही आठवड्यांत दुखणं गेलं. फुगवटा पुरता उतरला नाही. बाई म्हणाल्या, कधी कधी राहतो. राहू दे म्हटलं.

उन्हाळा लागला होता, आमच्या केळीची काढणी चालू होती, तेव्हा मेहुणीचा फोन आला. साडूचं गाव नंदुरबारजवळचं धानोरा. त्याला दम लागून नंदुरबारच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी कामावरच्या माणसांना तसंच सोडून निघालो. तो पलंगावर ताठ बसवलेला, नाकाला नळी, पाय असे सुजलेले की बोटांमधली फट दिसेना. माझे पाय मी त्या पलंगावर पाहिले.

मेहुणी चहा आणायला गेली. साडूनं मला जवळ बोलावलं. नीट बोलता येत नव्हतं त्याला.

"भाऊ, माले बी देल व्हती ती गोळी."

"कोनती?"

"तुन्हीच. छाती दुखाले लागनी. बंद करी टाकी. कोनले सांगं नही."

मला आधी कळेचना, कारण याच्याही हृदयाला काही आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मग कळलं, आणि इतका राग आला की खुर्चीवरून उठलो. यात्रेत हसला तेव्हा याच्या सदऱ्याखाली तेच होतं! म्हणून हा त्या सकाळी अंगावर बंडी ठेवून अंघोळीला बसला होता. म्हणून मेहुणी बोलता बोलता थांबली होती.

"आनि तू मन्हावर हासना?" मी म्हणालो.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू उघडा हुभा व्हता," तो म्हणाला. "माले ते जमत नव्हतं."

मी त्याचा हात धरला नाही. रागावलेलाच होतो, आणि आजारी आहे म्हणून राग गिळायचा हे मला पटत नाही. तेवढ्यात तिथले डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी विचारलं, औषधं वेळेवर घेत होता ना? साडूनं हो म्हणून मान हलवली. मी म्हणालो, "खरं सांग. नाहीतर मी सांगतो."

शेजारच्या पलंगावरचा माणूस आणि त्याचे नातेवाईक सगळे आमच्याकडेच बघत होते. मग साडू सांगायला लागला, इतक्या हळू की डॉक्टरांना वाकावं लागलं.

"जोरमा," मी म्हणालो.

त्यानं जोरात सांगितलं. छाती, दुखणं, गोळी कधी बंद केली, सगळं. कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, आता कळलं दम का लागला. शेजारच्या पलंगावरच्या माणसाची बायको तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. का, ते मी विचारलं नाही.

साडू वाचला. पण गोळी सोडल्यापासून दवाखाना गाठेपर्यंत जे गेलं ते सगळं परत आलं नाही. आता तो ओट्यापासून गोठ्यापर्यंत जातो आणि मध्ये थांबतो. ऊस त्यानं दुसऱ्याला वाट्यानं करायला दिलाय. माझं त्याच्याशी बोलणं आहे, जाणं-येणं आहे. माफ केलं का, असं मेहुणीनं एकदा विचारलं. मी म्हणालो, तो जिवंत आहे ना, मग राग धरायला मला भरपूर वेळ आहे. ती हसली, पण मी थट्टेनं म्हणालो नव्हतो.

आता गावात पुरुष माझ्याकडे येतात. बागेच्या कडेला गाठतात, इकडेतिकडे पाहतात आणि आवाज खाली घेतात. कोणाची छाती, कोणाची लघवी, कोणाला गोळी घेतल्यापासून बायकोजवळ जाता येत नाही. मी आवाज खाली घेत नाही. त्यांना गोळी घे किंवा सोड असंही सांगत नाही, ते माझं काम नाही. शहाद्याला चल म्हणतो, गाडी काढतो. परवा एक जण माझ्या मोठ्या आवाजानं चिडून अर्ध्या रस्त्यातून उतरून गेला. जाताना मला बेशरम म्हणाला. मी गाडी बाजूला घेतली, तो परत येतो का हे पाहत बराच वेळ थांबलो, आणि हॉर्न वाजवत राहिलो.