मास्तरांच्या खांद्यावर हात

आमच्या खालच्या मजल्यावर टेलरमास्तर राहतात. पुढे दुकान, मागे खोली, मधे पडदा. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही चारी वर्ग एकाच खोलीत बसायचे त्या गावच्या शाळेत. एका गोष्टीत दुसरी घुसवायची खोड तिथलीच. पण आज फक्त मास्तरांचं सांगतो.

चाळीस वर्षं मास्तरांनी लोकांना हात लावला. छाती, कंबर, बाही. पण त्यांना हात लावणारं घरात एकच माणूस होतं, त्यांची बायको, आणि ती दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मास्तरांचे खांदे कानांना भिडलेले. पुढे कात्रीही वाकडी चालू लागली. एकाच गिऱ्हाइकाचा कोट दोनदा बिघडला तेव्हा मात्र ते घाबरले.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक निवृत्त नर्सबाई दर गुरुवारी संध्याकाळी स्पर्शाची विद्या शिकवायच्या. डोकं, खांदे, पाठ यांवर नुसते तळहात ठेवायचे. दाबायचं नाही, चोळायचं नाही. दोघांचा श्वास एका लयीत आला की मन ठिकाणावर येतं, असं बाईंचं म्हणणं. मास्तरांनी नाव नोंदवलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा. हात ठेवायच्या जागा चुकू नयेत म्हणून त्यांनी जोडीदारणीच्या पाठीवर खडूनं फुल्या मारल्या. वर म्हणाले, "तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय."

"मी इथे कोट शिवून घ्यायला आलेले नाही," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती आलीच नाही. बाकीच्यांच्या जोड्या लागल्या, मास्तर एकटे उरले.

"तूर्त स्वतःवरच करा," बाई म्हणाल्या.

"पाठीला हात पुरत नाही."

"मग घरी कुणावर तरी करा."

घरी कोण? दुकानातला पुतळा. डोकं नाही, हात नाहीत, एका लाकडी पायावर उभा. एका दुपारी मी पॅन्ट आखूड करायला घेऊन गेलो, तर मास्तर डोळे मिटून त्याच्या खांद्यांवर हात ठेवून उभे.

"पेशंटला काही उतार?" मी विचारलं.

"याचा श्वास जुळत नाही हो," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

शेवटच्या गुरुवारी प्रत्येकानं घरचं एक माणूस आणायचं होतं. आधी आपण त्याच्यावर हात ठेवायचे, मग त्यानं आपल्यावर. मास्तर जिना चढून आमच्या दारात आले, टेप गळ्यात तशीच.

"तात्या, याल का?"

"मला गुदगुल्या होतात हो. शाळेत डॉक्टर तपासायला आला होता, तेव्हा मी खिडकीतून पळालो," असं म्हणत मी ती अख्खी गोष्ट सांगत बसलो. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, "बरं" म्हणाले आणि उतरून गेले.

गुरुवारी खिडकीतून पाहतो तर मास्तर पुतळा काखोटीला मारून निघालेले. मला हसू यायला हवं होतं. मी चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावर त्यांना गाठलं.

"त्याला नुसतं बघू द्या. मी येतो."

आधी माझी पाळी. ओठ चावून गुदगुल्या सोसल्या. मग मास्तर स्टुलावर बसले. मी मागून खांद्यांवर हात ठेवले, तर त्यांनी दोन्ही हात अंगापासून लांब धरले, माप देणाऱ्या गिऱ्हाइकासारखे.

"हात सोडा, मास्तर. मी माप घेत नाहीये."

"सवय नाही," ते म्हणाले. "माझं माप कुणी घेतलंच नाही. ती नुसती बघून बेतायची."

बोलायचं नव्हतं. माझ्या तोंडाशी तीन गोष्टी आल्या, तिन्ही गिळल्या. हळूहळू तळहातांखालचे ते खांदे चांगले दोन बोटं खाली आले.

परतताना पुतळा मी उचलला. दारात मास्तरांनी विचारलं, "उद्या?"

उद्या लेक येणार होती, परवा नातवंडं. "गुरुवारी," मी म्हणालो.

"गुरुवारी," म्हणत त्यांनी पडदा ओढला.

वर्ग संपला, पण गुरुवार माझा राहिला. कात्री आता सरळ चालते. परवा सोमवारी सहज डोकावलो. पुतळ्याच्या अंगात अर्धवट शिवलेला कोट होता, बाह्या चिंध्या भरून फुगवलेल्या. त्या दोन्ही बाह्या स्वतःच्या खांद्यांवर घेऊन मास्तर त्याच्या पुढ्यात बसले होते, डोळे मिटून.

हाक मारली असती तर ते ओशाळले असते. मी पाऊल न वाजवता वर आलो. गुरुवारला अजून तीन दिवस होते.